सहा टक्के बाबा

"नत्थूजींचा वापर आता सहा टक्क्यांवर आलाय," डॉक्टर झाडे म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा स्क्रीन आमच्याकडे वळवला.

स्क्रीनवर एक आडवी पट्टी होती. डाव्या टोकाला हिरव्या रंगाचा बारीक तुकडा, बाकी सगळी पट्टी करडी. खाली लिहिलं होतं: हिरवा म्हणजे काम, करडा म्हणजे रिकामा. ते मला वाचायची गरज नव्हती. आठ वर्षांपूर्वी ते वाक्य मीच लिहिलं होतं.

"सहा म्हणजे काय व हेमा?" आईनं विचारलं. "शंभरातले सहा?"

"हो."

"म्हणजे चौऱ्याण्णव टक्के तुहा बाप रिकामा पडून हाये?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला बरं पडलं असतं, निदान त्याच्यावर ओरडता आलं असतं. "काकू, मशीन रिकामं आहे याचा अर्थ मेंदूकडून त्याला काही कामच येत नाही. पंचेचाळीस दिवस सलग दहा टक्क्यांच्या खाली. समितीचा नियम आहे. गुरुवारी दुपारी बारा वाजता सेतू काढावा लागेल. तुमची सही हवी."

तो सोमवार होता.

सेतू म्हणजे काय ते एकदाच सांगून टाकते. मार्चमध्ये बाबांना झटका आला आणि मेंदूतला बोलणं जुळवणारा भाग मेला. ऐकणारा, समजणारा, आठवणारा भाग वाचला असावा, असा डॉक्टरांचा अंदाज होता. हातपाय, मान, पापण्या, काहीच हुकमात राहिलं नव्हतं. पूर्वी अशा माणसाचा कारभार तिथेच आटोपायचा. आता मेलेल्या भागाच्या दोन्ही काठांवर केसापेक्षा बारीक तारांची जाळी बसवतात. एका काठावर मेंदूचे इशारे उचलायचे आणि डेटा सेंटरला पाठवायचे. तिथे त्या मेलेल्या भागाचं गणिती प्रतिरूप एका सर्व्हरवर चालू असतं. ते इशाऱ्यांचे शब्द करतं, आणि उशाजवळच्या डबीतून ते माणसाच्याच जुन्या आवाजात ऐकू येतात. बाबांचा आवाज आम्ही लग्नाच्या व्हिडिओंतून आणि त्यांनी आत्याला पाठवलेल्या भांडखोर व्हॉइस मेसेजांतून गोळा केला होता.

एप्रिलमध्ये त्या डबीतून पहिलं वाक्य आलं, "चक्कीचं शटर लावलं का?" आई आधी हसली आणि मग पदर तोंडात कोंबून रडली. दोन महिने बाबा घडाघडा बोलले. जुलैपासून शब्द अडखळायला लागले, ऑगस्टच्या मध्याला डबी गप्प झाली. मेंदू आतून आणखी खचत चाललाय, असं डॉक्टरांचं मत पडलं. तारांमुळे नीट स्कॅन करता येत नव्हतं, त्यामुळे पुरावा म्हणून होती ती फक्त माझी पट्टी. आणि सेतू एकदा काढला की पुन्हा बसत नाही, काठांवर वण धरतो. बाबा आत असतील, तर गुरुवारी बारा वाजता आम्ही त्यांना कायमचं आत कोंडणार होतो.

यातली लाजिरवाणी गोष्ट अशी, की हे सर्व्हर ज्या डेटा सेंटरमध्ये आहेत तिथे मी एकोणीस वर्षं नोकरी करते. कोणत्या सर्व्हरवर किती ताण आहे, कोणाला किती प्रोसेसर द्यायचे, हे आकडे वाचून ठरवायचं हाच माझा धंदा. आणि पंचेचाळीस दिवस मी बापाच्या उशाशी बसून ती करडी पट्टी बघत होते आणि मनात म्हणत होते, संपलं.

दवाखान्याच्या बाकड्यावर आई सहीचा कागद मांडीवर घेऊन बसली. पेन तिनं माझ्या हातातून घेतलं नाही.

"मले एक सांग," ती म्हणाली. "डबा दळून झाला नाई, म्हणजे डबा रिकामाच असते काय?"

"म्हणजे?"

"तीस वर्सं चक्कीवर बसली ना मी. डबा पडून दिसला तर झाकण उघडून पाहावं लागते. भरलेला असला तर त्याचा नंबर लागला नाई म्हणून पडून हाये. तुमच्या त्या पट्टीचं झाकण कोणी उघडलं काय?"

मी उठून उभी राहिले.

मानेवाडा रोडला बाबांची आटाचक्की होती. जाती दोन आणि सणाच्या आधी डबे पन्नास. प्रत्येक डब्यात नंबराची चिठ्ठी. लोक यायचे आणि विचारायचे, "नत्थूजी, माह्या आधी किती?" बाबा रांगेकडे बघून खरा आकडा सांगायचे. नऊ असतील तर नऊ. माणूस कुरकुरत परत गेला तरी चालेल, पण सातचे सहा त्यांनी कधी केले नाहीत. आत्यानं एकदा नात्याच्या जोरावर डबा पुढे सरकवला, तर बाबांनी तो उचलून पुन्हा शेवटी नेऊन ठेवला. "चक्कीपुढे नातं नाई," म्हणाले. आत्या दोन वर्षं आमच्याकडे आली नाही.

व्हर्च्युअल सर्व्हरचंही असंच असतं. खरं यंत्र एक, त्यात चौसष्ट प्रोसेसर. त्यावर चाळीस रुग्णांचे चाळीस सर्व्हर, आणि प्रत्येकाला वाटतं की यंत्र आपल्या एकट्याचं. प्रत्येकाच्या नावावर चार प्रोसेसर, म्हणजे चाळीस चोक एकशे साठ. चौसष्टात एकशे साठ बसतात, कारण सगळी माणसं एकाच क्षणी बोलत नाहीत. यंत्र पाळ्या लावतं, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात एकाला उठवून दुसऱ्याला बसवतं.

त्यामुळे कुठलाही सर्व्हर कोणत्याही क्षणी तीनपैकी एका अवस्थेत असतो. एक, काम चालू आहे. दोन, कामच नाही. आणि तीन, काम आहे, पण पाळी आलेली नाही. भरलेला डबा, आणि चक्कीवर दुसऱ्याचं दळण. मी बनवलेल्या पहिल्या पट्टीत या तिसऱ्या अवस्थेचा पिवळा रंग होता. तेव्हा रुग्ण थोडे होते, पिवळं एखाददुसरा टक्का दिसायचं, आणि रोज दवाखान्यातून फोन यायचे की पिवळं दिसतंय, पेशंटला धोका आहे का. मी कंटाळले. एका दुपारी पिवळा रंगच काढून टाकला. शंभरातून हिरवा वजा केला आणि उरेल त्याला नाव दिलं, रिकामा. पट्टी सोपी केल्याबद्दल मला दवाखान्याकडून आभाराचं पत्र आलं होतं. ते मी फ्रेम करून टेबलावर ठेवलेलं आहे.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मंगळवारी सकाळी मी यंत्रकक्षात रहांगडालेंच्या पुढ्यात जाऊन बसले. रहांगडाले गोंदियाकडचे, आमच्याकडची खरी यंत्रं तेच सांभाळतात. माझ्याहून वयानं मोठे, पण मॅडम म्हणायचं सोडत नाहीत.

"बाबांच्या सर्व्हरचे कच्चे आकडे दाखवा," मी म्हणाले. "पट्टी नको. मूळ यंत्राचे."

"यंत्र तं झकास चालून राहिलं मॅडम. सत्तर टक्के भरलं आहे, जागा आहे अजून."

"ती सरासरी झाली. सरासरीत सगळेच सुखी असतात. बाबांचे दाखवा."

त्यांनी दाखवले. काम सहा. रिकामा पाच. पाळीची वाट अकरा. आणि एक चौथा आकडा होता, जो मी कित्येक वर्षांत उघडूनही पाहिला नव्हता. तो अठ्ठ्याहत्तर होता.

मी तीनतीनदा बेरीज केली. शंभर होत होती.

रिकामा फक्त पाच. बाबा पंचेचाळीस दिवस जवळजवळ प्रत्येक क्षणी काहीतरी म्हणत होते.

"हा अठ्ठ्याहत्तर म्हणजे जोडीची वाट ना?" मी विचारलं.

रहांगडालेंनी मान हलवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, बुरा नका मानू. नत्थूजींना सोळा प्रोसेसर आहेत. बाकी सगळ्यांना चार. मे महिन्यात तुम्हीच फोन करून मागितले होते."

मागितले होते. बाबा तेव्हा म्हणाले होते की शब्द थोडे मागं राहतात. माझा बाप, माझं डेटा सेंटर, आणि चारच प्रोसेसर? रहांगडालेंना फोन करून मी रांग तोडली होती. चाराचे सोळा केले, आणि आठवडाभर स्वतःवर खूष होते.

प्रतिरूपाचे सगळे तुकडे एका तालात चालावे लागतात, नाहीतर शब्दांचा चिवडा होतो. म्हणून यंत्राचा कडक नियम आहे: ज्याला सोळा दिले त्याला सोळाच्या सोळा एकाच वेळी मोकळे मिळाले तरच चालवायचं, एक जरी अडला तरी बाकी पंधरांनी थांबायचं. हीच जोडीची वाट, पाळीच्या वाटेचाच एक प्रकार. मे महिन्यात यंत्रावर बावीस रुग्ण होते, सोळा मोकळे मिळायचे. मग जूनमध्ये सव्वीस झाले, जुलैत तेहेतीस, ऑगस्टमध्ये एक्केचाळीस. चार मोकळे कोणालाही मिळतात. सोळा एकदम मोकळे जवळजवळ कधीच मिळत नव्हते. चारवाले येत होते, बोलत होते, जात होते, आणि बाबा सोळा जागा धरायच्या नादात दाराशी उभे होते. अति तिथे माती, आणि ती माती मी दोन्ही हातांनी लोटली होती.

"चार करून टाकू," मी म्हणाले. "आत्ता."

"चालू सर्व्हरवर कमी नाही करता येत. बंद करावा लागते. सेतू तोडून, बंद करून, पुन्हा चालू." मग म्हणाले, "मॅडम, असे सोळावाले आणखी होते."

"कोण?"

"आठ वर्षांत तीन. घरच्यांनी हट्ट केला, अर्ज आले, अर्जावर सही तुमची. तिघांचाही वापर दहाच्या खाली गेला. तिघांचे सेतू निघाले."

"आत्ता नको, रहांगडाले."

"नंतर तरी..."

"नंतर म्हटलं ना!"

मी एवढ्या जोरानं ओरडले होते की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला.

निघताना रहांगडालेंनी मला एका गोष्टीची आठवण करून दिली, ते त्यांचे उपकारच म्हणायचे. मेंदूतून इशारा निघाल्यापासून सहा सेकंदांनंतर तयार झालेला शब्द यंत्र डबीकडे न पाठवता टाकून देतं. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर दुपारी आलं तर नातेवाईक घाबरतात, म्हणून तो नियम केला होता. पण टाकलेलं लगेच पुसलं जात नाही, नव्वद दिवस नोंद राहते. मी नोंद छापून घेतली. चार हजार एकशे बारा ओळी भरल्या. प्रत्येक ओळीपुढे वेळ आणि उशीर.

दुपारी मी ते कागद घेऊन दवाखान्यात गेले. बाबा नेहमीसारखेच पडले होते, डोळे उघडे, नजर छताच्या कोपऱ्यात. आई त्यांच्या तळपायाला तेल चोळत होती. मी आधी तिला सोळाचे चार करायचं सांगितलं.

"अजून कमी करते?" ती उसळली. "मरायले टेकलेल्या माणसाच्या ताटातली पोळी उचलते तू?"

"आई, कोणी सोळा डबे घेऊन आलं आणि म्हणालं की सगळे एकदमच दळा, एकेक नाही चालणार, तर बाबा काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, मंग बस सोळा जाती मोकळी होईपर्यंत. असा कोण मूर्ख मागते?"

"मी," मी म्हणाले. "मी मागितले."

तिचं चोळणं थांबलं. तेलाचा हात तसाच हवेत. मग मी खुर्ची ओढली आणि वाचायला लागले. मला वाचून झाल्याशिवाय रडायचं नव्हतं.

सोळा ऑगस्ट. डॉक्टर विचारतात, नत्थूजी, तुमचं नाव सांगा. उत्तर, उशीर एक्केचाळीस सेकंद: आत्ता तुम्हीच तं घेतलं.

एकोणीस ऑगस्ट. उशीर दोन मिनिटं: पंखा कमी करा.

एकोणीस ऑगस्ट. उशीर तीन मिनिटं: पंखा.

पुढे अकरा दिवस रोज पंखा होता. मी उठून पंखा कमी केला.

दोन सप्टेंबर. उशीर चार मिनिटं: हेमा रडून राहिली. तिले कोणीतरी चहा द्या.

नऊ सप्टेंबर. उशीर सात मिनिटं: मी बोलून राहिलो ना. ऐकू येत नाई काय तुम्हाले?

ही ओळ, याच शब्दांत, पुढे दोनशे सहा वेळा होती. मी ती एकदाच वाचली. बाकी पानं उलटून पुढे गेले.

"सत्तावीस तारखेचं पाहा," आई अचानक म्हणाली. "सत्तावीस सप्टेंबर. दुपार."

"काय होतं तेव्हा?"

मी पान शोधलं. त्या खोलीत बोललं गेलेलंही नोंदीत येतं. आईचं वाक्य होतं: जा आता तुम्ही. लय झालं. माही काळजी नका करू, मी राहीन.

त्याखाली बाबांची ओळ. उशीर एकोणीस मिनिटं: नाई जात. तू बस इथंच.

एकोणीस मिनिटांनी आई खोलीत होती की नव्हती, कोण जाणे. असती तरी डबी गप्पच राहिली असती. आईनं कागद माझ्या हातातून घेतला. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, तरी ती त्या ओळीवर तेलकट बोट ठेवून बसली. मग समितीचा कागद तिनं चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि बाबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बसली आहे. कुठं जाते मी?"

बुधवारी मी डॉक्टर झाड्यांपुढे चारही आकडे ठेवले. ते हुशार होते, दोन मिनिटांत समजले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पाळीची वाट, जोडीची वाट," ते म्हणाले. "हे आम्हाला का दिसत नाही?"

"मी काढून टाकलं. तुमच्या लोकांचे फोन यायचे."

मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "सेतू बंद ठेवायची मर्यादा अकरा मिनिटं. त्यानंतर मेंदू हे काठ सोडायला लागतो. काय काय सुटेल ते सांगता येत नाही. आठ झाली तरी थोडं जातंच. तुमचं यंत्र किती वेळात चालू होतं?"

"चार मिनिटं."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. माझ्या नक्कीची किंमत त्यांना आता कळली होती, पण दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. समिती सेतू काढण्याचंच बघते. दुरुस्तीला पालकाची सही पुरते. आईनं सही केली.

गुरुवारी सकाळी दहाला आम्ही खोलीत जमलो. रहांगडाले फोनवर, स्पीकर चालू. डॉक्टरांनी बाबांच्या कानामागची जोडणी काढली आणि घड्याळ लावलं.

"सर्व्हर बंद करायला सांगितलं," रहांगडालेंचा आवाज आला.

एक मिनिट झालं. दोन झाली.

"झाला का बंद?"

"होऊन राहिला."

तिसऱ्या मिनिटाला मला समजलं. नीट बंद व्हायचं तर शिकलेलं सगळं जपून ठेवावं लागतं. ते काम आहे. कामाला पाळी लागते. बाबांच्या सर्व्हरला बंद व्हायलासुद्धा सोळा मोकळे प्रोसेसर हवे होते, आणि सकाळी दहाला एक्केचाळीस रुग्णांच्या घरचे भेटायला आलेले असतात. एकोणीस वर्षं या धंद्यात काढून मी हे धरलंच नव्हतं.

"ओढून बंद करा!"

"ओढला तर एप्रिलपासूनचं शिकलेलं सगळं जाईल, मॅडम. एकच उपाय आहे. बाकीच्या चाळीस जणांना अर्धा मिनिट गोठवतो. यांना सोळा मोकळे मिळतील. करू?"

चार मिनिटं वीस सेकंद. बाकीचे चाळीस जण कोण होते ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्यांच्याशी काही देणंघेणंही नव्हतं. कोणी बायकोशी बोलत असेल, कोणी डॉक्टरांना दुखतं कुठे ते सांगत असेल. मी तोंड उघडलं.

"नाई," आई म्हणाली. तिनं बाबांचे दोन्ही तळपाय हातात धरले होते. "रांग नको तोडू. एकदा तोडली तेच फेडून राहिलो आपण."

"आई, ते कायमचे आत अडकतील ग!"

"त्याइले विचार, काय म्हणतील."

मला विचारायची गरज नव्हती. मी फोन दोन्ही हातांत धरून उभी राहिले. त्या मिनिटांत आईचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नाही. पाच मिनिटं झाली. सहा. रहांगडाले पलीकडे स्वतःशीच पुटपुटत होते. सहा मिनिटं चाळीस सेकंदांना ते ओरडले, "लागला! लागला नंबर! बंद झाला!"

मग चार प्रोसेसर, आणि पुन्हा चालू. दहा मिनिटं पन्नास सेकंदांना डॉक्टरांनी जोडणी लावली. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मी आणलेल्या लॅपटॉपवर चारही आकडे लावले होते. काम आठ टक्के. बावीस. एकसष्ट. पाळीची वाट एक.

डबी खरखरली.

"पंखा," बाबा म्हणाले, "आता बरा हाये."

आईनं त्यांच्या तळपायांवर कपाळ टेकवलं. डॉक्टर पाठ फिरवून खिडकीकडे गेले. मी बाबांचा हात धरून काय काय बडबडले ते मला आठवत नाही. त्यांनी एकदा "पोरी" म्हटलं, आईला "तू" म्हटलं. आमची नावं परत आली नाहीत. ती त्या अकरा मिनिटांत गेली ती गेलीच. डॉक्टरांनी नंतर तपासलं, एकही नाव निघत नाही. पण ते आम्हाला ओळखत होते, आणि शब्द वेळेवर येत होते.

थोडं शांत झाल्यावर ते म्हणाले, "लय वेळ उभं ठेवलं. नंबर लागत नव्हता."

"माझी चूक झाली, बाबा."

"चूक होते." मग चक्कीवर पन्नास वर्षं ऐकलेला प्रश्न त्यांनी मला विचारला. "माह्या आधी किती होते?"

मी कोणी नाही म्हणू शकले असते. डॉक्टरांना त्या तिघांचं ठाऊक नव्हतं. रहांगडाले बोलणारा माणूस नव्हता. तिघांच्या टाकलेल्या शब्दांच्या नोंदी नव्वद दिवसांनी पुसल्या गेल्या होत्या, शोधूनही कोणाला सापडल्या नसत्या. आई माझ्याकडे बघत होती.

"तीन," मी म्हणाले. "तीन होते, बाबा."

"मंग? त्याइचं दळण झालं?"

सहा सेकंद गेले. आणखी सहा गेले. बाबांनी घाई केली नाही, चक्कीवरही ते कधी कोणाला घाई करत नसत. लॅपटॉपवर त्यांचा वापर खाली आला, चाळीस, वीस, अकरा. ते काही म्हणत नव्हते. माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "त्यांचे डबे भरलेले होते. मीच ते रिकामे म्हणून परत पाठवले."